‘खून में है’ म्हणजे किती?

रोशन गेटजवळच्या एका ओळखीच्या घरात धाकट्या मुलीचा रिश्ता जवळजवळ ठरला होता. मग कुणीतरी मुलाकडच्यांच्या कानावर घातलं की, घरात राहणाऱ्या तिच्या मामूंना स्किझोफ्रेनिया आहे. नकार आला. कारण एकच, ‘खून में है’. आता पाहुणे आले की अम्मी भावाला मागच्या खोलीत बसवते.

या आजारात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण किती, तेही मोजलेलं आहे. शंभरातल्या साधारण एकाला आयुष्यात केव्हातरी स्किझोफ्रेनिया होतो. आई किंवा वडिलांना असेल, तर मुलांमध्ये हे प्रमाण दहाच्या आसपास जातं. मामू-चाचांना असेल, तर भाच्या-पुतण्यांमध्ये तीन-चार. म्हणजे अशा शंभर भाच्यांपैकी पंच्याण्णवहून अधिक जणींना तो होत नाही. हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखीच असतात, तरी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी भरतं. आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडील-भावंडांत हा आजार कुणालाच नसतो. मग ‘आमच्यात तसं कुणी नाही’ म्हणणारं घर चौकशीत पास होतं, ते कशाच्या जोरावर?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एका चुकीच्या ओळीने अख्खा प्रोग्राम कोसळताना पाहायची सवय, म्हणून ‘तो जीन’ शोधावासा वाटतो. इथे तसा एक जीन नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ७६ हजारांहून अधिक रुग्णांचा डीएनए तपासला, तेव्हा २८७ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा किरकोळ. त्यातले कितीतरी बदल तुमच्या-माझ्यातही असतील. निकाहाआधी रक्त तपासून हा आजार होईल की नाही, हे सांगणारी चाचणी नाही.

धुळे जिल्ह्यातले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात, कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवत. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी तो लपवला नाही. उलट पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते. आकडे कळणारा माणूस!

उपचार जितके उशिरा, तितकं सावरणं अवघड. घाटीत मानसोपचार विभाग आहे, रोशन गेटहून रिक्षाने फार वेळ लागत नाही. मामूंना तिथे पोहोचायला सहा वर्षं लागली. आधी थोरल्या मुलीचं लग्न व्हायचं होतं.