केवळ ‘आद्य’ म्हणून बोळवण

आमच्या वाङ्मयेतिहासकारांस ‘आद्य’ हे विशेषण अतिशय प्रिय आहे. एखाद्या ग्रंथकारास ते एकदा चिकटविले म्हणजे त्याचे ग्रंथ वाचण्याच्या कष्टातून आपण मोकळे झालो, अशी त्यांची समजूत दिसते. काशीबाई कानिटकर यांच्या वाट्यास नेमके हेच आले. मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या कादंबरीकर्त्री, एवढे एक वाक्य त्यांच्याविषयी लिहावयाचे, त्यास ‘गोविंदरावांच्या पत्नी’ व ‘हरिभाऊ आपट्यांच्या स्नेही’ ही दोन शेपटे जोडावयाची आणि पान उलटावयाचे, असा हा संप्रदाय आहे. याला गौरव म्हणण्यास आम्ही तयार नाही. ही बोळवण आहे, आणि तिचा निषेध करण्याकरिताच हा लेख आहे.

प्रथम हकीकत पाहावी. काशीबाईंचा जन्म १८६१ साली सांगलीकडील आष्टे गावी बापटांच्या सुखवस्तू घराण्यात झाला. वयाच्या नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. शाळेचे शिक्षण म्हणून त्यांना काही मिळालेच नव्हते. पती इंग्रजी शिकलेले, कविवृत्तीचे व सुधारणेकडे ओढा असलेले. उलट घरातील वडील मंडळी जुन्या वळणाची. पतीस शिकलेली पत्नी हवी आणि घरास न शिकलेली सून हवी, अशा कात्रीत सापडलेल्या त्या मुलीने वाचण्यालिहिण्याची विद्या स्वतःच्या जिद्दीवर मिळविली. मराठीपुढे जाऊन संस्कृत व इंग्रजीचाही अभ्यास केला. ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी प्रथम मासिकातून क्रमशः आली व १९०३ साली पुस्तकरूपाने निघाली. ‘शेवट तर गोड झाला’ व ‘चांदण्यातील गप्पा’ हे कथासंग्रह, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पत्रांसह लिहिलेले चरित्र आणि १९२८ साली, म्हणजे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ‘पालखीचा गोंडा’ ही दुसरी कादंबरी, एवढा त्यांचा मुख्य संसार. १९४८ साली त्या वारल्या. इतके लिहिणाऱ्या लेखिकेस एका वाक्यात गुंडाळणे कोणत्या न्यायात बसते?

यावर ठरीव उत्तर असे मिळते की, काशीबाईंचे ऐतिहासिक महत्त्व मान्य असले तरी कलादृष्ट्या त्यांचे लेखन बेताचे आहे. ‘रंगराव’ची वीण सैल आहे, हा आक्षेप आम्ही नाकारीत नाही. परंतु हाच काटा आमचे टीकाकार सर्वांस सारखा लावतात काय? बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. त्यात यमुना व तिचा पती प्रवासास निघतात, वाटेत विधवांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकतात, आणि शेवट धर्मोपदेशात होतो. रचनेचा घट्टपणा त्यात कोणी शोधू नये. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ यांतील योगायोग व अद्भुत प्रसंग तर शाळकरी मुलासही हसू आणतील. तरी या पुस्तकांची कथानके, गुणदोष, भाषा यांची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या वर्गावर्गांतून चालू आहे, आणि ती चालावीच, कारण वाङ्मयाची वाढ तीवाचून समजत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पुरुषांच्या पुस्तकांतील दोष हे त्यांच्या अभ्यासाचे कारण ठरतात, आणि बाईच्या पुस्तकातील दोष हे तिला वगळण्याचे कारण ठरतात. एकाच तराजूची ही दोन मापे आहेत.

आता ‘पालखीचा गोंडा’कडे वळावे. एका संस्थानचा मंदबुद्धी राजा, त्याच्या गळ्यात बांधली गेलेली बुद्धिमान रेवती, आणि तिने राज्यकारभार हाती घेऊन स्त्रियांच्या बळावर चालविलेला नवा व्यवहार, असा या कादंबरीचा विषय आहे. स्त्रियांच्या राज्याची कल्पना जगात इतरत्रही झाली. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी गोष्ट १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात लिहिली. तीत पुरुष पडद्यात आहेत, परंतु तो सगळा मामला स्वप्नाचा. अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांनी ‘हरलँड’ ही कादंबरी १९१५ साली स्वतःच्या ‘फोररनर’ मासिकातून प्रसिद्ध केली. तीत पुरुषमात्र नसलेला एक दुर्गम देश कल्पिलेला आहे. काशीबाईंनी स्वप्नाचा किंवा अज्ञात देशाचा आश्रय घेतला नाही. त्यांनी आपल्या वाचकांस परिचित असलेले संस्थान घेतले, त्यातील गादी, दरबार, लग्नाचे व्यवहार घेतले, आणि प्रश्न विचारला की, ज्या गादीवर अपात्र पुरुष बसलेला चालतो, तेथे पात्र स्त्रीने कारभार केला तर काय बिघडते? हा प्रश्न कल्पनारम्य म्हणून उडवून लावता येत नाही. म्हणूनच तो अधिक अवघड आहे.

‘हरलँड’ची गोष्ट येथे आणखी एका कारणासाठी ध्यानात घेण्यासारखी आहे. ती कादंबरी मासिकाच्या जुन्या अंकांत पडून राहिली व १९७९ साली प्रथम पुस्तकरूपाने निघाली. त्यानंतर तिच्यावर अभ्यास झाले, ती विद्यापीठांतून शिकविली जाऊ लागली. म्हणजे चौसष्ट वर्षे ती विसरली गेली याचे कारण तिच्या गुणांत नव्हते. ती वाचकांच्या हाती नव्हती, एवढेच ते कारण होते. जे पुस्तक कोणी वाचावयास मिळू देत नाही, त्याविषयी ‘काळाच्या कसोटीस उतरले नाही’ असे म्हणणे म्हणजे उमेदवारास परीक्षेच्या दालनाबाहेर उभे करून नापास ठरविणे होय.

हरिभाऊंशी असलेल्या स्नेहाचेही असेच. हरिभाऊ काशीबाईंहून तीन वर्षांनी लहान. या दोघांची वाङ्मयीन मैत्री घनिष्ठ होती. परंतु या मैत्रीत देणारे हरिभाऊ व घेणाऱ्या काशीबाई, असे गृहीत धरूनच आम्ही बोलतो. ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये हरिभाऊंनी एका बाईच्या मुखाने तिची कर्मकथा सांगविली. स्त्रीचे मन इतके जवळून जाणणाऱ्या त्या लेखकास एका विचारी, लिहित्या स्त्रीच्या सहवासाचा काहीच लाभ झाला नसेल काय? हा प्रश्न अभ्यासाचा आहे. पण तो विचारावयाचा तर काशीबाईंस कोणाच्या तरी ‘स्नेही’ या पदावरून उठवून लेखिकेच्या आसनावर बसवावे लागेल.

हा रोग एका लेखिकेपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आम्ही नाचणगावासारख्या वऱ्हाडालगतच्या गावी राहतो, म्हणून वाशीमला १९०७ साली जन्मलेल्या गीता साने यांची आठवण आम्हांस विशेष होते. ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’ अशा कादंबऱ्या त्यांनी १९३६च्या सुमारास लिहिल्या, पुढे ‘चंबळची दस्युभूमी’ लिहिली, आणि १९८६ साली ‘भारतीय स्त्रीजीवन’ हा ग्रंथ दिला. त्यांच्याच विदर्भात किती सुशिक्षित घरांतून त्यांचे एखादे पुस्तक निघेल? मुलींस पदव्या देण्यात आम्ही मागे नाही. पण ज्यांनी अक्षरांसाठी घरादाराशी झुंज घेतली, त्यांची पुस्तके त्या पदवीधर मुलींच्या हाती देण्याचे आम्हांस सुचत नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा आज कादंबरी व चित्रपट यांच्या द्वारे घरोघर पोहोचली आहे. तिचे चरित्र एका स्त्रीने त्याच काळात मराठीत लिहिले होते, त्यात पती गोपाळरावांच्या जाचाचीही नोंद ठेवली होती, हे मात्र कितीजणांस ठाऊक आहे? सरोजिनी वैद्य यांनी काशीबाईंचे आत्मचरित्र संपादून दिले. मीरा कोसंबी यांनी २००८ साली त्यांच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. या दोन विदुषींनी वाट मोकळी केली आहे. त्या वाटेने जाण्याचे काम आमचे.

यात द्रव्याची सबबही टिकत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथांवरील स्वामित्वाचा हक्क आपल्या कायद्याने संपतो. काशीबाई १९४८ साली गेल्या. २००९पासून त्यांचे ग्रंथ साऱ्या महाराष्ट्राचे झाले. कोणाची परवानगी नको, कोणास मानधन नको. उणीव आहे ती इच्छेची. प्रकाशकांनी ‘पालखीचा गोंडा’ची टीपांसह स्वच्छ आवृत्ती काढावी, विद्यापीठांनी ती मराठी कादंबरीच्या मुख्य अभ्यासक्रमात, ‘स्त्रीवाङ्मय’ नावाच्या वेगळ्या कोनाड्यात नव्हे, ठेवावी, आणि वाचकांनी आपापल्या गावच्या ग्रंथालयात तिची मागणी वहीत नोंदवावी. मागणी नोंदली गेली म्हणजे पुस्तके येतात, हा आमचा अनुभव आहे.

पालखीचा गोंडा शोभेसाठी असतो. पालखी कोठे जावी हे ठरविण्यात त्यास वाटा नसतो. स्त्रीची ही अवस्था पालटावी म्हणून ज्यांनी कादंबरी लिहिली, त्यांनाच आमच्या इतिहासाने आपल्या पालखीचा गोंडा करून टाकले. तो सोडविण्यास प्रथम एवढेच करावयाचे आहे की, त्यांचे पुस्तक उघडून वाचावयाचे. मग ते बरे की वाईट, हे खुशाल ठरवावे.