केबल सादिल खर्चातून बाहेर काढा

१. सरकारी कचेरीत संगणक आला की डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते, त्यावर नंबर रंगवला जातो. त्याला जोडलेली यूएसबी केबल मात्र खडू-फिनाईलच्या रांगेत, सादिल खर्चात. तुटली की शिपाई कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानातून नवी आणतो, नाहीतर कुणाच्या तरी ड्रॉवरमधली लावली जाते. माझी हरकत याला आहे.

२. केबल आता नुसती तार राहिलेली नाही. ‘ओ.एमजी’ नावाची केबल अमेरिकेत सुरक्षा-चाचणी करणाऱ्यांसाठी म्हणून उघड विकली जाते. दिसायला साधी, तिच्यावर फोन चार्जही होतो. पण प्लगच्या आत चिप आणि वाय-फाय. ‘मी कीबोर्ड आहे’ असे ती सांगते आणि संगणक ते मुकाट मान्य करतो. कीबोर्डला ओळखपत्र विचारायची पद्धतच नाही. मग बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस आपल्या मोबाइलवरून आज्ञा धाडतो, त्या कोणत्याही टंकलेखकाला जमणार नाही अशा वेगाने टाइप होतात. काही प्रकार खऱ्या कीबोर्डच्या केबलच्या जागी बसतात आणि पासवर्डसकट प्रत्येक कळ टिपून ठेवतात.

३. ‘आमच्याकडे पेनड्राइव्हला बंदी आहे’ हे उत्तर पुरत नाही. ती बंदी साठवणुकीला अडवते, कीबोर्डला नाही. अँटिव्हायरस पुढे उतरलेला प्रोग्राम पकडेलही, पण टाइप होणारी अक्षरे त्याला कारकुनाचीच वाटतात. इंटरनेट तोडूनही भागत नाही. केबल स्वतःचे वाय-फाय घेऊन येते.

४. किंमत पाहा. २०१३ साली ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाने अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेची अंतर्गत यादी छापली. तिच्यात अशाच छुप्या यूएसबी जोडणीचे ५० नग १० लाख डॉलरहून महाग होते. आज एक केबल २०० डॉलरच्या आत मिळते.

५. ‘तालुक्याच्या कचेरीवर कोण कशाला डोळा ठेवील?’ सातबारा आणि फेरफार जिथे आहेत, तिथे हा प्रश्न विचारणाऱ्याने जमिनीचा एखादा दावा चालवून पाहावा. डिजिटल सहीचा डोंगल अनेक ठिकाणी दिवसभर सीपीयूलाच लावलेला असतो, आणि त्याचा पिन कीबोर्डवरच टाइप होतो.

६. एसटी स्टँडवर फोन चार्ज करू नका, हा सल्ला प्रवाशांना वर्षानुवर्षे दिला जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या पुस्तिकेतही तो आहे. आजकालचे फोन निदान ‘डेटा देऊ का?’ असे विचारतात. कचेरीतला संगणक तेवढेही विचारत नाही, आणि त्याच्यासाठी सूचनाफलक कुठेच दिसत नाही.

७. म्हणून मागणी: केबल संगणकाबरोबरच अधिकृत खरेदीतून यावी, तिच्यावर खूण असावी आणि रजिस्टरला नोंद. मोकळी पोर्ट बंद करावीत. परवानगीशिवाय नवा कीबोर्ड स्वीकारू नये, अशी सोय विंडोज आणि लिनक्स दोन्हींत करता येते. ती जिल्हा पातळीवरून लावावी. अभ्यागताचा फोन भिंतीवरच्या चार्जरला लावावा, सीपीयूला कधीच नाही. आणि जेवायला उठताना डोंगल काढून कुलपात ठेवावा. याला तर निविदाही लागत नाही.