कोटेशनमधली वेगळी ओळ

तुळशीची लग्नं लागली की आपल्या व्यवसायाची धावपळ सुरू होते. मंगल कार्यालयांच्या चांगल्या तारखा केव्हाच गेलेल्या असतात आणि गावोगावच्या स्टुडिओंची नवी पत्रकं बाहेर पडतात. त्यांत एक ओळ हमखास असते : ट्रॅडिशनल, कँडिड, व्हिडिओ, दोन अल्बम, ड्रोन फ्री. या महिन्याचं संपादकीय शेवटच्या दोन शब्दांसाठी आहे. मित्रहो, ड्रोन फुकट देऊ नका.

आपल्यातला स्वतंत्रपणे काम करणारा माणूस आठवडाभर काय काय करतो ते पाहा. रविवारी लग्न, मंगळवारी एखाद्या बिल्डरच्या प्लॉटिंगचे हवाई फोटो, मधल्या दिवशी हॉटेलच्या मेन्यूसाठी थाळीचं शूट, मग साखर कारखान्याच्या अहवालासाठी गव्हाणीपासून गोदामापर्यंतची फेरी आणि शनिवारी ग्रामदैवताची यात्रा. बाहेरच्याला हे विस्कळीत वाटतं. मला ती आपली ताकद वाटते, कारण एका दारचं काम आटलं तरी दुसरं चालू राहतं. पण ही कामं वेगवेगळी आहेत हे आधी आपणच मानलं पाहिजे.

दगडखाणीतल्या खडीच्या ढिगाचं माप घेताना आपण कॅमेरा सरळ खाली रोखतो, शेजारच्या दोन फोटोंत ७५-८० टक्के भाग सामाईक येईल अशा ओळी आखतो, जमिनीवर खुणेचे फलक लावून त्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवतो. त्यातला एकही फोटो देखणा नसतो आणि तो नसावाच. पुढे सॉफ्टवेअरमध्ये ढिगाचं घनफळ निघतं, त्यावर कंत्राटदाराचं बिल ठरतं आणि आपल्याला त्याचा रीतसर मोबदला मिळतो. तोच ड्रोन, तेच हात लग्नाच्या मांडवाजवळ गेले की फुकट कसे होतात? शेजारच्या स्टुडिओने दिलं म्हणून आपण दिलं, एवढंच त्याचं कारण.

फुकट देण्यात पैशापेक्षा मोठी गोष्ट हातची जाते. ती म्हणजे नाही म्हणण्याचा अधिकार. लॉनच्या दारात वरात आली आहे. दोन्ही बाजूंना हॅलोजनचे खांब, त्यांच्या लोंबत्या वायरी, कमानीवर दिव्यांच्या माळा. पुढे डीजेची गाडी, तिचा लोखंडी सांगाडा आणि स्पीकरच्या भिंती. ड्रोनचा कंपास बिघडवायला एवढं पुरतं. कुणीतरी आकाशात फुटणारे फटाके पेटवतो. आणि नवरीचा मामा ड्रोन उडवणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘‘अजून खाली घे रे, नवरदेवाच्या डोक्यावरून फिरव!’’ पोरगा विशीतला, समोर यजमान, मालक स्टेजपाशी अडकलेला. तो ड्रोन खाली आणतो. पंख्याची पाती किती वेगाने फिरतात आणि लहान मुलाच्या चेहऱ्याला काय करू शकतात, हे मामांना ठाऊक नसतं. पोराला ठाऊक असतं, पण त्याच्या हातात कागद नसतो.

कोटेशनमध्ये ड्रोनची ओळ वेगळी असेल, तिच्यापुढे रक्कम आणि खाली चार अटी असतील, तर तोच पोरगा म्हणू शकतो, ‘‘मामा, गर्दीच्या डोक्यावरून उडवणार नाही, तसं लिहून दिलंय. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवरून तिरकं घेतो, अख्खी वरात एका फ्रेममध्ये येईल.’’ अटी साध्याच ठेवा : गर्दीच्या डोक्यावरून उड्डाण नाही; जोराचा वारा, पाऊस, फटाके किंवा परवानगी नसलेलं क्षेत्र असेल तर उड्डाण नाही, आणि निर्णय उडवणाऱ्याचा. विशीतल्या मुलाच्या शब्दापेक्षा सही केलेल्या कागदाला आपल्याकडे जास्त मान आहे. तो मान त्याला मिळवून देणं हे स्टुडिओच्या मालकाचं काम आहे.

कायद्याच्या नजरेतही ड्रोन ही वेगळीच बाब आहे. ड्रोन नियम २०२१ साली आले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचं मायक्रो. नॅनो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो पैसे घेऊन उडवायचं तर लागतं. आपल्यातले पुष्कळ जण २४९ ग्रॅमचा छोटा ड्रोन घेऊन निर्धास्त असतात आणि जास्त वेळ उडावा म्हणून त्याला मोठी बॅटरी बसवतात. वजन भरतं ते सगळ्या जोडसामानासकट. मोठी बॅटरी किंवा पात्यांचं संरक्षक कडं चढलं की तो नॅनो राहत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकदा ठेवून बघा. नॅनोच्या वरच्या यंत्राला त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि अपघात झाला तर ४८ तासांत डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर कळवावं लागतं. निघण्यापूर्वी त्याच संकेतस्थळावरचा नकाशा पाहायचा : हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई नियंत्रणाची लागते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय उडवता येत नाही. नकाशा हिरवा दिसला तरी स्थानिक पोलिसांचा बंदी आदेश असू शकतो. मुंबईत तो वेळोवेळी निघतो. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याची, अभयारण्यात वन विभागाची परवानगी निराळी. हे सगळं पाहायला लागणारा वेळ आपण ‘फ्री’मध्ये घालतो.

मालकीचंही असंच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता. पण मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणजे लग्नाचे फोटो त्या घरचे. आपल्या पेजवर लावायचे असतील तर ते कोटेशनमध्ये मान्य करून घ्या. याउलट पावसाळ्यात स्वतःच्या हौसेने टिपलेला कड्यावरचा ढग सर्वस्वी तुमचा, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तुमच्या वारसांचा. २०१२च्या दुरुस्तीने छायाचित्रांना हा पूर्ण हक्क मिळाला. तो फोटो एखादा रिसॉर्ट मागतो तेव्हा आपण व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होतो. तसं करू नका. हक्क लेखी द्या, किती वर्षांसाठी आणि कशासाठी ते लिहा. लेखी करारात मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

आणि थकबाकी. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे आणि घरबसल्या होते. ती असेल तर काम देणाऱ्याने लेखी ठरलेल्या दिवशी, फार तर ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. दिवाळीच्या इव्हेंटचे पैसे होळीला मिळवणाऱ्यांनी बिलावर उद्यम क्रमांक छापायला आजच सुरुवात करावी.

आकाशातून पाहणं आपल्याकडे ड्रोनच्या आधीपासून आहे. नौदलात राहून गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून किल्ले आणि दीपगृहं टिपली. त्या काळी असं उड्डाण लाभणं हीच दुर्मीळ गोष्ट होती; आता उडणारं यंत्र पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं. ते सोपं झालं म्हणून उंचीवरची नजर स्वस्त होत नाही. कुठून, किती वाजता, कोणत्या उन्हात उडवलं म्हणजे वारीतली दिंडी माणसांची दिसेल, नुसत्या ठिपक्यांची नाही, हे यंत्र सांगत नाही. ते तुम्ही शिकलात, त्यासाठी बॅटऱ्या, पाती आणि पहाटेची झोप खर्ची घातलीत. त्याचा मोबदला मागताना संकोच कसला?

या अंकात मधल्या पानांवर कोटेशनचा नमुना दिला आहे. ड्रोनची ओळ, अटी, फोटो वापराचा हक्क, उद्यम क्रमांक आणि पैशांची तारीख अशा पाच जागा त्यात आखल्या आहेत. पुण्याचा दर पाटणला चालत नाही आणि पणजीचा परभणीला, म्हणून रकमेचा रकाना कोरा ठेवला आहे. आपापल्या तालुक्यातल्या चार-पाच जणांनी एकत्र बसून तो भरावा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवावी. पुढच्या अंकात ते दर जिल्हावार छापू.