आईला कोणत्या खणात ठेवू?

आमच्या घरात टापटिपीचा मक्ता माझ्याकडे आहे. संगणकावरही मी फोल्डर केले, फोल्डरांत फोल्डर केले आणि समाधानाने हात झटकले.

गेल्या श्रावणात एका रात्री आईच्या छातीत कळ आली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, "जुना कार्डिओग्राम आहे का? ताडून पाहायला हवा."

"आहे तर!" मी ऐटीत म्हणालो आणि घरी फोन लावला. सौभाग्यवतींनी 'आई' उघडून पाहिले. चिरंजीवांनी '२०१९' धुंडाळले. कागद कुठेच नाही! ४० मिनिटांनी तो 'विमा'मध्ये सापडला. मीच तिथे टाकला होता. देवदयेने दोष जुनाच निघाला आणि आई सुखरूप घरी आली. पण त्या ४० मिनिटांत माझी ऐट पार उतरली.

ग्रंथपालांना हे दुखणे फार जुने. पुस्तक कपाटात एकाच जागी उभे राहते. पण सूचीत त्याची कार्डे लेखक, नाव, विषय अशी अनेक असतात. आपल्या रंगनाथनांनी तर १९३३ सालच्या 'कोलन' वर्गीकरणात एकाच विषयाचे निरनिराळे पैलू जोडण्याची सोय केली. २००४ साली आलेल्या जीमेलने पत्रांना फोल्डरांऐवजी लेबले दिली, तीही याच वळणाची.

मग आम्हीही सारे कागद एका जागी ठेवून त्यांना खुणा लावायचे ठरवले. खुणा फाइलच्या नावातच घातल्या. कारण संगणकाने वेगळी चिकटवलेली खूण दुसऱ्या यंत्रावर जाताना कधी गळून पडते, नाव मात्र बरोबर जाते.

पण पहिल्याच आठवड्यात मी लिहिले 'दवाखाना', सौभाग्यवतींनी 'डॉक्टर', चिरंजीवांनी 'हॉस्पिटल'. शिवाय 'आई' म्हणजे कोणाची? माझी की चिरंजीवांची? अखेर वीस शब्दांची यादी करून फ्रिजवर लावली. यादीबाहेरचा शब्द वापरायचा नाही. आई आता सर्वानुमते 'आजी' झाली आणि तो कार्डिओग्राम 'आजी-दवाखाना-विमा-२०१९'. यांतला कोणताही एक शब्द आठवला, की पुरे.

परवा आईने चष्मा लावून यादी वाचली.

"यात फराळ कुठाय रे? माझी चकलीची कृती कशात शोधाल?"

वाचकहो, एकविसावा शब्द मी तिच्यासमोरच लिहिला.