रस्ता मोकळा, गाडी गुंतलेली

‘टाळेबंदीत रुग्णवाहिकेला मुभा होती, रस्ते ओस होते, मग निर्बंधांपायी हृदयाचे रुग्ण दगावले हा निव्वळ कांगावा,’ हा युक्तिवाद अजून ऐकू येतो. मुभा होती, पण तीही सगळीकडे नाही. मे २०२१ मध्ये तेलंगणाने परराज्यातल्या कोविड रुग्णांच्या रुग्णवाहिका सीमेवर अडवल्या, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगत राहणाऱ्या देगलूर-बिलोलीकरांना उपचारांसाठी हैदराबाद, निजामाबाद म्हणजे काय, हे मुंबईत बसून कळायचे नाही.

पण नाक्याचे सोडा. गाडीच गुंतलेली असेल तर ओस रस्त्याचे काय करायचे? २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिका सेवेच्या तेव्हा महाराष्ट्रभरात ९३७ गाड्या होत्या, त्यांत प्रगत जीवरक्षक अवघ्या २३३. त्यांतल्याच गाड्या कोविडला जुंपल्या. रुग्ण पोचवला की गाडी निर्जंतुक करा, नवे पीपीई चढवा, मग पुढचा कॉल. किनवटहून नांदेडच्या विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय शंभर किलोमीटरांहून लांब. हृदय बंद पडले आणि छाती दाबणारे कुणी नसले, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते.

पुरावा हवा? पॅरिस परिसरात २०२० च्या टाळेबंदीत, सहा आठवड्यांत, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. त्यांतले रुग्णालयात जिवंत दाखल होणारे २२.८ वरून १२.८ टक्क्यांवर आले. वाढीतला सुमारे तिसरा हिस्साच थेट कोविडचा ठरला. भारतात त्याच काळात हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणारे सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. झटके काही रजेवर गेले नव्हते! ‘दवाखान्यात गेलं की कोरोना लागतो’ या धास्तीने माणसे कळ सोसत घरी बसली. ‘घरी राहा’ भोंग्यावरून ऐकू आले; ‘छातीत दुखलं तर निघा’ तितक्या ठसक्यात कुणी सांगितले नाही.

म्हणून निर्बंधच नको होते, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. मोकाट साथीने याच गाड्या आणखी बुडाल्या असत्या. मागणी एवढीच: साथीतही प्रत्येक तालुक्यात एक गाडी हृदयविकार, अपघात, बाळंतपण यांसाठी राखीव, आणि तिला कोविडचा कॉल नाही. गाडी येईपर्यंत छाती दाबणारे हात गावातच हवेत: आशाताई, शिक्षक, एसटीचे चालक-वाहक. साथीतही रुग्णाच्या तोंडावर कापड टाकून, तोंडाने श्वास न देता नुसती छाती दाबता येते. २०२० मध्ये तज्ज्ञांनी हेच सांगितले होते. विष्णुपुरीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठही आहे. शिकवायला पुण्या-मुंबईहून कुणाला बोलवायची गरज नाही.