सायरन, फॉरवर्ड आणि पैसा फंड

७ मे २०२५ आठवतोय? पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल. पुणे जिल्ह्यात ज्या जागा निवडल्या, त्यांत आपली तळेगाव नगरपरिषदही होती. त्या आठवड्यात फोनवर फॉरवर्डचा नुसता पाऊस. तुर्कस्तानची सफरचंदं घेऊ नका, गच्चीवरचे दिवे बंद करा, एटीएममधून पैसे काढून ठेवा (हे कुठल्या शहाण्याने सुचवलं देव जाणे). १० मेला गोळीबार थांबला आणि आमचा सोसायटीचा ग्रुप पुन्हा पार्किंग, टँकर आणि लोणावळ्याच्या ट्रॅफिकवर आला.

मला या उत्साहाची चेष्टा करायची नाही. पण युद्ध सुरू झाल्यावर आठवलेलं कर्तव्य बहुतेक वेळा उशिराच पोचतं, असं माझं मत आहे. आणि त्याचा दाखला लांब नाही, तळेगावातच आहे.

अंताजी दामोदर काळे यांची पैसा फंडाची कल्पना अगदी साधी होती. माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करायचे. टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. भट्टीचं तंत्र बघायला आले ईश्वरदास वार्ष्णेय, जपानमध्ये आणि अमेरिकेत एमआयटीत शिकलेले. (आज एमआयटीतून थेट तळेगावला येणारा माणूस दाखवा, माझ्याकडून जंबो वडापाव!) कारखाना हीच शाळा होती. इथे हात बसलेली माणसं पुढे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली.

मग १९१४. ऑस्ट्रिया-जर्मनीहून येणारी काच बंद. बांगड्या, बाटल्या, कंदिलाच्या काचा, सगळ्याचीच पंचाईत. त्या वेळी भट्टी चालवू शकणारे जे थोडे हात देशात होते, त्यांत तळेगावचे होते. ते हात काही युद्धाची बातमी ऐकून तयार झाले नव्हते. अर्थात एक तळेगाव पुरणार कुठे? रिकाम्या बाजारात जपानी माल भरपूर शिरला.

आता उलटं उदाहरण. १९६२ च्या चीन युद्धात बायकांनी अंगावरचे दागिने काढून संरक्षण निधीला दिले. पण जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली, आणि देशभर सोनारांचं पोट गेलं. देणाऱ्यांनी आपखुशीने दिलं, सोनाराला कुणी विचारलंच नाही. घरच्या आघाडीवरचा खर्च असा भलत्याच्या खिशातून जातो.

म्हणून सफरचंदांपेक्षा मला आपल्या मावळातली वर्कशॉप जास्त महत्त्वाची वाटतात. तळेगाव, उर्से, नवलाख उंबरे इथे चार-दोन मशिनवर सुटे भाग करणारे किती जण आहेत. उद्या आयात अडली तर आपण त्यांच्याच दारात जाणार. आणि आज त्यांचं बिल किती दिवसांनी निघतं? २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. मी एका कंपनीत असताना (नाव नको) छोट्या व्हेंडरांची बिलं ९० दिवस थांबवणारं अप्रूव्हल वर्कफ्लो आम्हीच कोडमध्ये बसवत होतो. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये त्याला 'कॅश फ्लो ऑप्टिमायझेशन' असं गोंडस नाव होतं.

तुमच्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या ईआरपीवर काम करता. सोमवारी ऑफिसला गेलात की व्हेंडर पेमेंट टर्म्सचं फील्ड उघडून बघा. आणि ४५ पेक्षा मोठा आकडा दिसला तर निदान एक मेल टाका, मॅनेजरला सीसी करून.