मंदीची भाकिते आणि आपली शिल्लक

वर्तमानपत्राच्या एका पानावर अर्थतज्ज्ञ मंदी येणार म्हणतो, दुसऱ्या पानावर दुसरा ती येणारच नाही असे ठासून सांगतो. हे वाचून वडोदऱ्यातील आपले ज्येष्ठ आम्हा बँकेतल्या मंडळींना विचारतात, "ठेव मोडू की राहू देऊ?" पेन्शन आणि व्याज यांवर चालणारी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. तेव्हा या भाकितांचा जमाखर्च एकदा मांडलेला बरा.

अमेरिकेतील मोठी मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली. मंदीच्या तारखा ठरविणाऱ्या तेथील संस्थेने ते जाहीर केले १ डिसेंबर २००८ रोजी! तोवर लेहमन ब्रदर्स बुडून अडीच महिने झाले होते. उलट ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लूमबर्गच्या गणिताने वर्षभरात अमेरिकेत मंदी येण्याची शक्यता १०० टक्के दाखविली. वर्ष सरले, मंदी आली नाही. भारताबाबत जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२०-२१ साठी ५.८ टक्के वाढीचा अंदाज दिला होता. मग कोरोना आला आणि एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन जवळजवळ पाव हिश्शाने घसरले.

तज्ज्ञ अडाणी नाहीत. पण त्यांच्या हाती आकडे उशिरा येतात, पुढे तेही दुरुस्त होतात, आणि युद्ध किंवा साथ कोणत्याच सूत्रात बसत नाही. दोन वर्षांच्या सरकारी रोख्यावर दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त व्याज मिळू लागले की मंदी जवळ आली, ही अमेरिकेतील जुनी खूण. जुलै २०२२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ती खूण दिसत राहिली, पण त्या काळात मंदी काही आली नाही.

पाडव्याला आपण पंचांगातील पर्जन्यफल ऐकतो. पण तेवढ्यावर विसंबून कोणी कणगी रिकामी करीत नाही. मंदीच्या भाकितांनाही तेवढाच मान द्यावा.

मंदी ज्येष्ठांच्या घरी शिरते ती व्याजाच्या वाटेने. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला. १ एप्रिल २०२० रोजी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.६ वरून ७.४ टक्के झाला. त्यानंतर नव्याने १० लाख ठेवणाऱ्याला महिन्याला १,००० रुपये कमी मिळू लागले. जुन्या खातेदाराचा दर मात्र मुदतभर कायम राहिला. म्हणून सगळ्या ठेवी एकाच वर्षी पिकतील अशा ठेवू नयेत आणि सगळे पैसे एकाच बँकेत नसावेत. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली, तीही एका बँकेत एका ठेवीदारामागे, हे विसरू नये. भाकीत वाचून घाईने ठेव मोडली तर दंड मात्र नक्की बसतो.

हे झाले ठेवी असणाऱ्यांचे. ज्यांची शिल्लकच नाही त्यांचे काय? २००८ च्या अखेरीस सुरतेतील हिऱ्यांचे कारखाने बंद पडले आणि हजारो कारागीर सौराष्ट्रातल्या आपल्या गावी परतले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला. २००५ साली केंद्रानेही कायदा केला, पण तो खेड्यांपुरता. शहरातल्या बेकाराला ती हमी मिळाली नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, मंदी येणार की नाही हे विचारू नका. ते त्यालाही ठाऊक नसते. मंदी आली तर या शहरात काम गमावलेल्याच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून तुम्ही काय तरतूद करणार, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.